रिंजानीचा घसारा: कोल्हापुरातून ज्वालामुखीच्या माथ्यावर जाताना

पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालून जाणारी मंडळी इंडोनेशियातल्या रिंजानीच्या शेवटच्या चढावर अडकतात, आणि त्याचं कारण दम हे क्वचितच असतं. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होऊन घट्ट झालेला. कातळावर टाकलेलं पाऊल टाकलं तिथंच राहतं, ही आपल्या पायांची सवय. लोम्बोक बेटावरचा रिंजानी ३७२६ मीटर उंच आणि आजही जिवंत. त्याच्या माथ्याकडची वाट राख, बारीक खडी आणि सच्छिद्र हलके दगड यांचा सुटा घसारा आहे. दोन पावलं वर जावं तर एक पाऊल खाली येतं. अशा वाटेची तयारी कोणत्या क्रमानं करायची आणि लोक कुठं चुकतात, ते इथं दिलं आहे.

मोजमापासाठी जोतिबाचा डोंगर घेऊ. पायथ्यापासून माथा साधारण ३०० मीटर. यापुढं ‘एक जोतिबा’ म्हणजे तेवढा चढ किंवा उतार.

## १. आधी महिना आणि मार्ग, मग विमान

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून तारीख ठरवणं ही पहिली चूक. रिंजानीचं राष्ट्रीय उद्यान तिथल्या पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, ट्रेकिंगला बंद असतं. कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर. नेमका तेव्हाच आपल्याकडं पाऊस असतो, आणि इथंच गणित चुकतं. सप्टेंबरला जायचं ठरवलं तर सगळा सराव चिखलात होतो. चिखलात पाय सावकाश रोवायची सवय लागते, कोरड्या घसाऱ्याची लागत नाही. म्हणून कोल्हापूरकरांना मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काळ सोयीचा. सराव फेब्रुवारीअखेर सुरू करता येतो आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातली कोरडी वाळूही मिळते.

मार्ग सेंबालुनचा घ्या. गाव साधारण ११५० मीटरवर, विवराच्या कडेवरचा मुक्कामाचा तळ २६३९ मीटरवर, शिखर ३७२६ मीटरवर. पहिल्या दिवशी १४८९ मीटर चढ, म्हणजे पाच जोतिबा. शिखराच्या रात्री १०८७ मीटर, म्हणजे साडेतीन जोतिबांहून थोडा जास्त, आणि तोही बराचसा घसाऱ्यातून.

दोन दिवस एक रात्र हे पॅकेज स्वस्त पडतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ते घेऊ नये. त्यात दुसऱ्या दिवशी शिखर गाठून थेट सेंबालुनला उतरायचं असतं. २५७६ मीटर उतार, साडेआठ जोतिबा, तेही रात्रभर चालून झाल्यावर. गुडघे तिथंच जातात. तीन दिवस दोन रात्री घ्या आणि दुसरी रात्रही कडेवरच्या तळावर काढा. सेगारा आनाक तळ्याकडं उतरणारा मार्ग सुंदर आहे, पण तळं साधारण २००० मीटरवर आहे. खाली उतरून पुन्हा कडेवर चढावं लागतं. पाय तयार असतील तरच तो घ्या.

तपासा: इंडोनेशियात ज्वालामुखीच्या चार पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. ‘माग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर त्या रोज दिसतात. तिकीट काढण्याआधी, निघण्याच्या आठवडाभर आधी आणि सेंबालुनला पोचल्यावर अशी तीनदा पाहणी करा. तिसरी पातळी लागली की शिखराचा विचार सोडायचा. दुसऱ्या पातळीत विवरापासून किती अंतर राखायला सांगितलंय ते गाइडला विचारून घ्या.

## २. बारा आठवड्यांचा सराव

रंकाळ्याला रोज फेऱ्या मारणं तब्येतीला चांगलं, पण या ट्रेकच्या हिशेबात ते जवळपास शून्य. सपाटीवर चालून उतार उतरायची ताकद येत नाही. तालमीत बैठका काढणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं. बैठकीनं मांडी मजबूत होते खरी, पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो. ते काम त्याला वेगळं शिकवावं लागतं.

आठवडा १ ते ४. आठवड्यातून तीन दिवस ४५ मिनिटं जिने चढ-उतार. त्याखेरीज साधारण २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर उभं राहून एक पाय अगदी सावकाश, तीन सेकंद मोजत, खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. प्रत्येक पायाला १२ वेळा, असे तीन फेरे. गुडघा आत वळत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या.

आठवडा ५ ते ८. रविवारी पहाटे पाचला जोतिबा, पायथ्यापासून पायवाटेनं. पहिल्या दोन रविवारी एकदा, नंतर दोनदा. पाठीवर पाच किलो. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून न्या. गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून देऊन हलकं होता येतं.

आठवडा ९ ते ११. लागोपाठ दोन दिवस. शनिवारी पन्हाळ्यावरून मसाई पठार आणि परत, रविवारी जोतिबा तीनदा, पाठीवर सात किलो. यातला एक रविवार रात्री दोनला निघून हेडलाइटवर, म्हणजे डोक्याला बांधायच्या दिव्यावर करा. अंधारात पायाखालचं अंतर चुकतं, ते आधी इथं चुकू द्या. हा सराव दाजीपूर-राधानगरीच्या जंगलाकडं नको, तिथं रात्री गव्यांची वाट असते.

याच काळात एकदा तारकर्ली किंवा वेंगुर्ल्याला जा. भरतीची रेघ सोडून वरच्या कोरड्या वाळूत बूट घालून तासभर चाला आणि जिथं वाळूचा चढ असेल तिथं वर-खाली करा. दहा मिनिटांत कळतं की पाऊल जोरात रेटलं की जास्त घसरतं आणि सपाट ठेवून वजन हळू टाकलं की टिकतं.

आठवडा १२. फक्त हलकं चालणं. शेवटच्या आठवड्यात ‘राहिलेला सराव’ भरून काढू नका. सुजलेला गुडघा घेऊन विमानात बसायची वेळ येते.

कसोटी: सात किलो घेऊन तीन जोतिबा पाच तासांच्या आत झाले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर पाय तयार आहेत. नसतील तर तारीख पुढं ढकला.

## ३. बूट

सर्वांत जास्त ट्रेक इथं बिघडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

माळ्यावर दोन पावसाळे पडून असलेला बूट दिसायला नवा असतो. त्याच्या तळव्यातला मऊ थर दमट हवेत आतून कुजतो, चिकटवण सुटते आणि पहिल्याच दिवशी तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. घरीच तपासा. बूट हातात घेऊन पंजा आणि टाच एकमेकांकडं वाकवा. बाजूच्या मऊ थरावर बारीक तडे दिसले, नखानं टोकरल्यावर पिठासारखी भुकटी निघाली किंवा पंज्याच्या कडेला कागद आत सरकला, तर तो बूट बाद.

नवा बूट संध्याकाळी, ट्रेकचे जाड मोजे घालून घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा बघा. फीत बांधून उतारावर उभं राहा, पुढच्या बोटांची टोकं बुटाला लागता कामा नयेत. घोट्याच्या वर येणारा, खोल नक्षीच्या तळव्याचा बूट हवा. निघण्याआधी त्यात किमान ८० किलोमीटर चालणं व्हायला हवं.

गेटर म्हणजे घोट्यावरचं वेष्टण. ते नसेल तर बुटात खडी शिरते आणि तासाभरात पायाला फोड येतात. मिळालं नाही तर जुन्या जाड मोज्याचा पंजा कापून टाका आणि उरलेली नळी बुटाच्या तोंडावरून खाली ओढा. हा उपाय चांगला चालतो.

काठ्या दोन घ्या. टोकाजवळ गोल चकती असलेल्याच, नाहीतर काठी राखेत हातभर रुतते. विमानात काठ्या चेक-इन सामानात, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत. गॅसचं नळकांडं कुठंच चालत नाही.

## ४. पिशवीत काय

तंबू आणि शिधा पोर्टर नेतात, बांबूच्या काठीला दोन्ही टोकांना ओझं लावून, आपल्या कावडीसारखं. तुमच्या पाठीवर सहा-सात किलोच्या वर नको.

विषुववृत्ताजवळचं बेट म्हणून लोक सुती ट्रॅकसूट आणि एक हुडी घेऊन जातात. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. किनाऱ्यावर २८ अंश असताना माथ्यावर चार-पाच अंश, त्यात वारा. घामानं ओला सुती शर्ट तिथं बर्फासारखा लागतो. म्हणून अंगाला पटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी आणि हातमोजे विसरू नका, मोजे घसाऱ्यात हात टेकायलाही लागतात.

हेडलाइट आणि तिचे सुटे सेल. सेल उशाशी, स्लीपिंग बॅगच्या आत ठेवा, थंडीत ते लवकर उतरतात. धुळीसाठी एन-९५ मास्क. कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा लावा. राखेचे कण काचेसारखे धारदार असतात. डोळ्यात गेले तर चोळायचं नाही, पाण्यानं धुवायचं. फोडांसाठी चिकटपट्टी, क्षारसंजीवनीची पाकिटं आणि बूट उसवलाच तर डक्ट टेप.

खाऊ म्हणून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. सगळं पाकीटबंद असू द्या. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ सीमाशुल्कात अडकू शकतात. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिथल्या सांबाल या तिखट चटणीत बऱ्याचदा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असते. ‘तान्पा तेरासी, तान्पा दागिंग’ असं गाइडला आदल्या दिवशीच सांगा. तान्पा म्हणजे शिवाय. टोफू आणि तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, सहज मिळतात.

## ५. कागद आणि बुकिंग

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. ३० दिवसांचा व्हिसा तिथं उतरल्यावर किंवा आधी ऑनलाइन मिळतो. प्रवास विमा काढताना ट्रेकिंग वगळलंय का आणि उंचीची मर्यादा किती, या दोन ओळी स्वतः वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत डोंगरावरची सुटका बसत नाही.

गाइडशिवाय जाता येत नाही. बुकिंग करताना विचारा: एका गाइडमागे किती माणसं, माणशी रोज किती लिटर पाणी, स्लीपिंग बॅग किती अंशांपर्यंतची, आणि गटातला एक जण मागे राहिला तर त्याच्यासोबत कोण थांबणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक बघा. जून २०२५ मध्ये शिखराच्या वाटेवर गटाच्या मागे राहिलेली एक परदेशी ट्रेकर दरीत कोसळून दगावली. हा प्रश्न विचारताना संकोच नको.

## ६. आधी बातूर

बालीत उतरल्यावर थेट लोम्बोक गाठू नका. बालीतला बातूर ज्वालामुखी १७१७ मीटरचा, दोनेक तासांचा पहाटेचा चढ, आणि वरच्या भागात काळी सुटी वाळू. रिंजानीची ही रंगीत तालीम समजा. तेच बूट, तेच गेटर, तीच पिशवी न्या. कुठं घासतं, काय जास्त झालं, ते इथं कळतं.

झोपेचाही प्रश्न सुटतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. शिखरासाठी रात्री एकला उठायचं म्हणजे कोल्हापुरात साडेदहा वाजलेले असतात, शरीर अजून झोपलेलंच नसतं. तीन-चार दिवस तिथं काढल्यावर हे जुळतं. बातूरनंतर एक पूर्ण दिवस विश्रांती, मग बोटीनं किंवा विमानानं लोम्बोक आणि आदल्या संध्याकाळी सेंबालुन.

## ७. पहिला दिवस: सेंबालुन ते तळ

सकाळी लवकर निघा. सुरुवातीचा गवताळ माळ सावलीविना आहे. गाइड ‘पलान-पलान’ म्हणतो, म्हणजे हळूहळू, आणि ते शब्दशः घ्या. तिसऱ्या थांब्यानंतर एकामागून एक टेकाडं लागतात. प्रत्येक टेकाड शेवटचं वाटतं आणि वर गेल्यावर पुढचं दिसतं. वेग असा ठेवा की सलग दोन वाक्यं न थांबता बोलता आली पाहिजेत.

दिवसभरात तीन ते चार लिटर पाणी, त्यातल्या एका लिटरमध्ये क्षारसंजीवनी. तळावर पोचताच ओला टी-शर्ट बदला, मगच फोटो. सात वाजता आडवे व्हा.

इशारा: एका दिवसात तुम्ही २६०० मीटरच्या वर आलेले असता. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा उलटी असेल तर ती विरळ हवेची बाधा समजायची. त्या रात्री शिखर रद्द. चालताना तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा बसून असतानाही धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता गाइडसोबत खाली उतरायला लागायचं. उंचीवरच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना कोल्हापुरातच विचारा, तळावर दुसऱ्याच्या पाकिटातली घेऊ नका.

## ८. शिखराची रात्र

उठणं. एकला उठा. चहा, बिस्किट किंवा केळं, एवढंच. पिशवीत दोन लिटर पाणी, उबदार थर, खाऊ. बाकी सगळं तंबूत. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घाम येतो.

पहिला टप्पा. तळावरून धारेवर येईपर्यंत उभा, धुळीचा चढ. इथं पुढच्याला गाठायच्या नादात बरेच जण अर्धी ताकद घालवतात. स्वतःच्या दिव्याच्या उजेडाकडं बघत चला.

दुसरा टप्पा. विवराच्या कडेची लांब धार, चढ बेताचा. वारा इथं लागतो, फ्लीस इथं चढवा. अंधारात कडा दिसत नाही आणि तिच्याखालची राख आतून पोकळ असू शकते. वाटेच्या मधोमध चाला. फोटोसाठी किंवा लघवीसाठीही कडेकडं दोन मीटरसुद्धा सरकू नका.

तिसरा टप्पा, घसारा. शेवटचा हा तास-दीड तासच खरा. तंत्र असं:

- पाऊल अर्ध्या हाताएवढंच लांब.
- बुटाचं टोक एकदाच घसाऱ्यात खुपसायचं, मग एक श्वासभर थांबून तळवा बसू द्यायचा आणि त्यानंतर वजन टाकायचं.
- पुढच्याच्या ठशात पाऊल. तिथली खडी आधीच दबलेली असते.
- रुंदी असेल तिथं नागमोडी. मात्र कुणाच्याही सरळ खाली थांबायचं नाही.
- मागच्या पायाचा गुडघा क्षणभर सरळ करून हाडावर वजन द्यायचं, म्हणजे स्नायूला दर पावलाला उसंत मिळते.
- तीस पावलं, दहा श्वास. मोजून.

मोठा दगड आधार म्हणून धरू नका, तो सुटा असतो. ‘बातू’ म्हणजे दगड. वरून अशी हाक आली की आधी वर बघा, मग बाजूला व्हा.

परतीची वेळ आदल्या संध्याकाळीच गाइडसोबत ठरवा. साडेसात ही आमची शिफारस. साडेसातला जिथं असाल तिथून मागं, शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी. उन्हं चढली की ढग वर येतात आणि उतारावर वाट दिसेनाशी होते.

इशारा: कुजक्या अंड्याचा वास तीव्र झाला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंचाकडं सरका, खळग्यात बसू नका. जड वायू खोलगट जागी साठतात. एन-९५ मास्क राख अडवतो, वायू अडवत नाही.

## ९. उतार

निघण्याआधी दोन गोष्टी: बूट काढून झाडा आणि फीत पुन्हा बांधा. घोट्यापाशी घट्ट, म्हणजे पाय पुढं सरकून नखं आपटत नाहीत. नखं घरून निघण्याच्या तीन-चार दिवस आधीच कापलेली असावीत, आदल्या दिवशी कापली तर कोपरे दुखतात.

घसाऱ्यावर टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकलेले, अंग थोडं पुढं. भीतीनं मागं रेललात की टाच सुटते आणि माणूस बुडावर बसतो. माणसांत चार-पाच मीटर अंतर ठेवा. वरच्या रुंद उतारावर मोठी पावलं टाकत सरकत येता येतं आणि गुडघ्यांना ते सोसतं. पण धारेवर आल्यावर ते लगेच बंद करा. तिथं वाट अरुंद आहे आणि एका बाजूला विवर.

तळावर पोचल्यावर पाय उघडे करून प्रत्येक बोट बघा. लाल झालेल्या जागी लगेच पट्टी. फोड उठलाच तर तो फोडू नका, भोवती पट्टीची गोल चकती लावा. दोन तास झोप, जेवण, आणि बाकी दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सेंबालुनपर्यंतचा पाच जोतिबांचा उतार सकाळच्या थंड वेळात उरकायचा. काठ्या या उतारावर चढापेक्षा दहा सेंटिमीटर लांब करा.

## १०. घरी आल्यावर

बूट कोरडेच झाडा, मग आतलं अस्तर काढून पाण्याखाली धुवा. बारीक राख शिवणीत राहिली तर दोरा कापत राहते. सावलीत वाळवा, उन्हात किंवा गिझरजवळ नको. परत येईपर्यंत इकडं पाऊस लागलेला असतो. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून हवेशीर जागी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी कागद बदला.